राणीच्या लग्नातला आमचा आहेर

तीर्थपुरीवर इंग्रजांनी कधी राज्य केलं नाही. हे सांगितलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्याकडे जरा आदराने बघतात. त्यांना वाटतं, आम्ही गोदाकाठी तलवारी परजून साहेबाला परत पाठवलं असणार. तसलं काही झालेलं नाही. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होतं आणि निजाम इंग्रजांकडे होता. 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' ही त्याची अधिकृत पदवीच होती. तेव्हा पुणेकर थेट इंग्रजांचे गुलाम आणि आम्ही इंग्रजांच्या मित्राचे. गुलामगिरीसुद्धा आमच्यापर्यंत व्हाया हैदराबाद पोचली.

त्यामुळे इंग्रज कसा असतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला ऐकूनच माहीत. त्यांची चौथी झाली ती उर्दूतून. जिल्ह्याचा मोठा साहेब कलेक्टर नव्हता, अव्वल तालुकदार होता. रुपयासुद्धा निजामाचा वेगळा, हाली; इंग्रजांचा तो कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार हातात पडत. इंग्रजांचा रुपया हे आमच्या दृष्टीने परकीय चलन होतं. बैलबाजारात एखादा म्हातारा अजूनही 'रोख कलदार मोजले' असं छातीवर हात ठेवून सांगतो, आणि समोरचा पोरगा त्याच वेळी फोनवरून पैसे पाठवत असतो.

आमच्याकडे इंग्रज आले ते इंग्रज गेल्यावर. पंचक्रोशीत फिरून बघा. जिथे साहेबाचं पाऊल पडलं नाही तिथे शाळेच्या पाटीवर ऑक्सफर्ड आहे, केंब्रिज आहे, आणि पिवळ्या गाडीत कोंबलेल्या पोरांच्या गळ्यात टाय आहे. ही टाय बांधावी लागत नाही. गाठ कारखान्यातच कायमची मारलेली असते आणि मागे इलॅस्टिक. मधल्या सुट्टीत ते इलॅस्टिक ताणून पुढच्या पोराच्या मानेवर सोडायचं, हा तिचा मुख्य उपयोग. नाक पुसणं हा जोडधंदा. आजी विचारते, "हे गळ्यात कशाला रं बाळा, उन्हाचं?" बाळ म्हणतं, "नसली की धा रुपये दंड हाय." आजीला दंड समजतो. तिच्या बापाने निजामाला भरलेला असतो.

खुद्द लंडनमध्ये 2017 साली संसदेच्या सभापतींनी खासदारांना टायची सक्ती नाही असं सांगून टाकलं. पुढचे सभापती जरा कडक निघाले, पण त्यांनीही टाय 'घातलेली बरी' एवढंच म्हटलं. आपल्याकडे वकिलांनासुद्धा उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सूट असते. पहिलीतल्या पोराला कसलीही सूट नाही. साम्राज्याची शिस्त आता त्याच्याच गळ्यावर टिकून आहे.

अर्थात जालना जिल्ह्यात इंग्रज अगदीच फिरकला नाही असं नाही. दक्षिण अंगाला, गोदावरीच्या बाजूला आम्ही. उत्तर अंगाला असई. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे आर्थर वेलस्ली नावाचा मेजर जनरल आला. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची भलीमोठी फौज, मधे केळणा नदी. वाटाड्यांनी सांगितलं, साहेब, नदीला इथे उतार नाही. साहेबाने दुर्बीण लावली. पाहिलं तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं गाव, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ठरवलं की समोरासमोर दोन गावं आहेत त्या अर्थी जायला-यायला वाट असणारच. आणि होती. याबद्दल इंग्रजांनी त्याच्या बुद्धीचं दोनशे वर्षं कौतुक केलं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. नदीकाठी समोरासमोर दोन गावं असली की त्यांच्यात सोयरीक असते, सोयरीक असली की रुसवा असतो, आणि रुसलेल्या सुनेला माहेरी जायला उतार लागतोच.

त्या दिवशी वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे गेले, पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, पण लढाई त्याने मारली. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, नेपोलियनला हरवलं, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. म्हातारपणी कुणी विचारलं की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू म्हणत नसे; असई म्हणे. वॉटर्लूच्या नावाने लंडनमध्ये मोठं रेल्वे स्टेशन आहे. असईला रेल्वे नाही. हा अनुशेषाचा प्रश्न मराठवाड्याने अजून का उचलला नाही, कळत नाही.

असईला लढलेल्या पायदळाचा लाल कोट मात्र जिल्ह्यात शिल्लक आहे, वरातीत. बँडवाल्यांकडे. खांद्यावर सोनेरी झुपके, छातीवर आडव्या दोऱ्या, डोक्यावर कडक टोपी. वर बघावं तर फील्ड मार्शल आणि खाली बघावं तर रबरी स्लीपर. क्लॅरनेटवाल्याच्या कोटाला ऐन मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली आणि काखेत टाका उसवून वाऱ्याची सोय केलेली. साम्राज्याचा हा शेवटचा शिपाई गेली काही वर्षं माघार घेतो आहे. नेपोलियनला जे जमलं नाही ते डीजेने केलं. बँडवाल्यांचाच बँड वाजवला.

आता वरातीपर्यंत आलोच आहोत तर मांडवात शिरू, कारण खरा विषय तिथे आहे. ब्रिटिश लोकांना मानपानाचं, उतरंडीचं, कोण कुणाच्या पुढे चालणार याचं फार वेड आहे असं लिहितात. लिहिणाऱ्याने आमच्याकडचं लग्न पाहिलेलं नसतं. लंडनला राज्याभिषेकात कुणी कुठे बसायचं याची व्यवस्था बघायला अर्ल मार्शल नावाचा मानकरी आहे. नॉरफोकच्या ड्यूकच्या घराण्याकडे हे काम 1672 पासून वंशपरंपरेने चालत आलं. आमच्याकडे ते काम ज्याच्या हातात माईक सापडेल तो करतो आणि ड्यूकपेक्षा मन लावून करतो. आमदार, माजी आमदार, भावी आमदार, कारखान्याचे संचालक, नगरसेवक आणि नगरसेवकांचे निकटवर्तीय, हा क्रम तो कागद न बघता सांगतो. 'आपल्या मंडपात आगमन झालेलं आहे' हे वाक्य ऐकलं की पहिल्या रांगेतला सोफा रिकामा होतो. 6 मे 2023 ला चार्ल्स राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो 12 वाजून 2 मिनिटांनी. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं उशीर. आमच्याकडे 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त आमदारसाहेबांची गाडी कुठवर आली यावर दीडला लागतो की अडीचला, ते ठरतं. अक्षता हातात घामेजून भाताच्या मार्गाला लागतात.

या सगळ्या गोंधळात एका कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला माणूस शांत असतो. तो आहेर लिहून घेणारा. आमच्या भावकीत हे काम एक नाना करतात. लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही, कानावर पेन, समोर स्टीलचा डबा. नाव, गाव, रुपये, टॉवेल-टोपी, साडी. नानांच्या कपाटात अशा वह्यांची चळत आहे आणि कुणाच्या घरी लग्न निघालं की लोक आधी गुरुजींकडे जात नाहीत, नानांकडे जातात. 'त्यांनी आपल्या थोरलीच्या लग्नात काय केलं होतं?' नाना पान काढतात, बोट फिरवतात आणि निकाल देतात. 'एकशेएक आन् ब्लाउजपीस.' या निकालावर अपील नाही.

अशा नानांना मी एकदा एलिझाबेथ राणीच्या लग्नाची नोंद तोंडी सांगितली.

ते लग्न 20 नोव्हेंबर 1947 चं. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण आमच्याकडे स्वातंत्र्य पोचलेलं नव्हतं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना वेगळं राष्ट्र हवं होतं. भारताशी 'जैसे थे' करार व्हायला अजून नऊ दिवस बाकी होते. रझाकार गावोगाव फिरत होते, स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात होते, शेतकऱ्याच्या बळदातली ज्वारी लेव्हीत जात होती. नेमक्या त्या दिवसांत आमच्या सरकारने लंडनला आहेर केला. कार्टिए या मोठ्या जवाहिऱ्याच्या लंडनच्या दुकानात निरोप गेला की राजकन्येने यावं आणि आवडेल ते उचलावं. राजकन्येने प्लॅटिनमचा हिऱ्यांचा हार उचलला आणि जोडीला हिऱ्यांचा मुकुटही.

ज्या निजामाने हे केलं तो 1937 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला होता आणि घरात मात्र जुनीच शेरवानी, जुनीच टोपी वापरण्यासाठी प्रसिद्ध होता. जेकब हिरा त्याच्याकडे कागदावर वजन म्हणून असायचा. आता हाराचे पैसे त्याच्या खाजगी खिशातले की सरकारी, असा वाद कुणी घालील. दोन्ही खिसे एकाच शेरवानीला होते आणि त्यात भर टाकणाऱ्यांत तीर्थपुरीचा शेतसाराही होता. मी हिशेब सोपा धरतो. त्या हारातला एखादा बारकासा, कडेचा, फोटोत न दिसणारा हिरा आमच्या गावाचा आहे.

नानांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पोरीनं सोता पसंत केलं म्हन्ता?"

"हो, दुकानात."

"ते बरं केलं." नानांचा आहेराच्या साड्यांचा अभ्यास दांडगा आहे. आहेराची साडी कुणी नेसत नाही. ती घडी न मोडता या लग्नातून त्या लग्नात फिरते आणि कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी मूळ घरी परत येते. मालकीण किमतीच्या चिठ्ठीवरून ओळखते. निजामाचा हार मात्र खरंच वापरात राहिला. राणीने तो घातला आणि 2014 मध्ये नातसून केटनेही लंडनच्या एका समारंभात घातला. आजेसासूचा दागिना नातसुनेच्या गळ्यात बघून आमच्याकडच्या बायकांना त्या घराबद्दल प्रथमच बरं वाटलं.

मुकुटाचं तसं झालं नाही. 1973 मध्ये राणीने तो मोडला आणि त्यातले हिरे वापरून नवा घडवून घेतला. ब्रह्मदेशच्या लोकांनी लग्नात 96 माणकं दिली होती, ती त्यात बसवली. 96 रोगांपासून रक्षण व्हावं म्हणून 96. आमच्याकडे हा आकडा रोगांसाठी वापरत नाहीत, कुळांसाठी वापरतात, पण उपद्रव साधारण तेवढाच होतो. तर सांगायचं असं की राणी झाली तरी बाईने आहेरातलं मोडून दुसरं घडवलं. ही बातमी ऐकून आमच्या काकू म्हणाल्या, "मग! डिझाईन जुनं झालं असंल." इंग्लंडच्या राजघराण्याचा इतका अचूक अभ्यास मी पुस्तकात वाचलेला नाही.

त्याच लग्नात गांधीजींनीही आहेर केला होता. स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं एक छोटं कापड, मधे 'जय हिंद' विणलेलं. माउंटबॅटननी ते नेलं. नवऱ्या मुलीची आजी, मेरी राणी, तिला वाटलं हा गांधींचा पंचाच आहे, आणि तिने नाक मुरडलं. आहेर मांडून ठेवलाय, घरची म्हातारी एकेक उचलून बघतेय आणि नाक मुरडतेय, हे दृश्य राजवाड्यात आणि आमच्या वाड्यात सारखंच. तिकडे तेव्हा रेशनिंगही होतं. लग्नाच्या झग्याला कूपनं लागली, सरकारने जादा दिली. देशभरच्या बायकांनी आपापली कूपनं पोस्टाने पाठवली. दुसऱ्याची कूपनं वापरणं कायद्यात बसत नसल्याने ती परत करावी लागली. परत! हा शब्द त्या घराला माहीत होता, एवढं नोंदवून ठेवतो.

कारण निजामाकडून त्यांना मिळालेला हा काही पहिलाच आहेर नव्हता. पहिल्या महायुद्धात निजामाने त्यांना बॉम्बफेकी विमानांचा एक ताफाच घेऊन दिला. 110 क्रमांकाचं ते स्क्वॉड्रन 'हैदराबाद स्क्वॉड्रन' म्हणूनच ओळखलं गेलं आणि प्रत्येक विमानावर निजामाकडून भेट असल्याचा मजकूर होता. आपल्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' असतं तसंच, फरक एवढाच की हा पंखा जर्मनीवर फिरत होता. त्याआधी जालन्याला ज्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा. त्या खर्चापोटी 1853 मध्ये अख्खा वऱ्हाड इंग्रजांनी लिहून घेतला. आहेर करता करता जमीन जाते, हे आमच्याकडे लग्नातच होतं असं नाही.

सर्वांत मोठी गंमत सप्टेंबर 1948 ची. इकडे भारतीय फौजा हैदराबादेत आल्या आणि तिकडे निजामाच्या अर्थमंत्र्याने लंडनच्या बँकेतले 10,07,490 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात टाकले. वरचे 9 शिलिंग बघा. नुसता गोल आकडा द्यायचा नाही, वर काहीतरी ठेवायचं, हे आहेराचं शास्त्र तिथेही पाळलेलं आहे. मग निजाम म्हणाले माझे, भारत म्हणाला माझे, पाकिस्तान म्हणाला माझे, आणि बँक म्हणाली तुमचं ठरू द्या, तोवर राहू देत. लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला 2 ऑक्टोबर 2019 ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. 71 वर्षं लागली. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. ब्रिटिश न्यायव्यवस्थेचा वारसा आपल्याकडे नीट रुजला नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे येऊन बांधाच्या केसेस बघाव्यात. आम्ही लंडनच्या तोडीस तोड आहोत. आमच्या वाटणीत मात्र व्याज नसतं, फक्त बांध सरकलेला असतो.

निजाम गेला, राज्य गेलं, तरी आहेराची ही सवय महाराष्ट्राने सोडली नाही. मुंबईच्या डबेवाल्यांना चार्ल्स 2003 मध्ये भेटून गेला होता. त्या ओळखीवर 2005 मध्ये त्याच्या दुसऱ्या लग्नाचं निमंत्रण आलं. रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे लंडनला गेले. जाताना आपली माणसं रिकाम्या हाताने कशी जातील? नवरीला साडी नेली. 2018 मध्ये धाकट्या हॅरीचं लग्न झालं तेव्हा मेगनसाठी पैठणी गेली. पैठण आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे हाही मराठवाड्याच्याच खात्यात. 2023 च्या राज्याभिषेकाला पुणेरी पगडी आणि उपरणं. बार्बाडोसने 2021 मध्ये राणीला नमस्कार केला आणि प्रजासत्ताक होऊन मोकळं झालं; आपण 1950 पासून प्रजासत्ताक आहोत, तरी त्यांच्या घरातलं एक कार्य चुकवलेलं नाही. लग्न, मुंज म्हणावी असा राज्याभिषेक, सगळं. दुःखातही आपण मागे नाही. राणी सप्टेंबर 2022 मध्ये गेली तेव्हा भारताने 11 तारखेला राजकीय दुखवटा पाळला, झेंडे अर्ध्यावर उतरले. तो दिवस रविवार निघाला. एका सरकारी कर्मचाऱ्याने यावर व्यक्त केलेलं दुःख मी स्वतः ऐकलं आहे आणि ते अगदी मनापासूनचं होतं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर नानांनी चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला.

"त्यांच्याकडून उलट आहेर काय आला?"

मी आठवून पाहिलं. मुक्तिसंग्रामानंतर इथे हजारो लग्नं झाली असतील. बकिंगहॅम राजवाड्याकडून साधा टॉवेल-टोपीचा मान कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. ब्रिटनचा राजा आपल्या प्रजेला लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाला आणि वयाच्या शंभराव्या वर्षी शुभेच्छापत्र पाठवतो, तो मान आपल्याला लागू नाही. आपण प्रजा नाही. पण आहेर प्रजा करते थोडीच? आहेर सोयरे करतात. निजामाने स्वतःला यार म्हणवून घेतलं, त्या नात्याने आपण घरचेच.

"नाही आला," मी म्हणालो.

"मंग बाकी दिसती," असं म्हणून नानांनी खरोखर वही उघडली आणि गावाच्या रकान्यात लंडन लिहिलं. रुपयांच्या रकान्यात काय लिहायचं यावर ते बराच वेळ थांबले, कारण हार आणि मुकुट यांना तिथे जागा नव्हती. शेवटी त्यांनी साडीच्या रकान्यात एक टिंब दिलं आणि पुढे 'पाहणे' असं लिहून ठेवलं.

नानांच्या वहीतली बाकी आजवर बुडालेली नाही. लोक तीन-तीन पिढ्यांनी फेडतात. तेव्हा यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एवढीच विनंती की एक पत्रिका तिकडेही टाका. पत्ता छोटा आहे: बकिंगहॅम पॅलेस, लंडन, एसडब्ल्यू1ए 1एए. वर हळदकुंकू लावा, तिकिटं पुरेशी लावा, 'सहकुटुंब सहपरिवार' लिहायला विसरू नका. आणि तळाशी 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ मात्र चुकूनही छापू नका.